गाणी आटली, सिनेमे फुगले. मूळ एकच आहे का?

दुसरा अंतरा:
नव्या पिढीच्या नावानं बोटं मोडायला हा धागा काढलेला नाही. नवी गाणी मी ऐकतो, नवा सिनेमा पहिल्या आठवड्यात बघतो, आवडला तर परत जातो. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. गाणं दिवसेंदिवस आखूड होतंय आणि सिनेमा लांबतोय.

गाण्याचा सुरुवातीचा म्युझिक पीस गेला. दुसरा अंतरा गेला. आता थेट मुखडा, एक अंतरा, पुन्हा मुखडा, आणि कुणीतरी प्लग काढावा तसा शेवट. तिकडे 'ॲनिमल' (२०२३) तीन तास एकवीस मिनिटं. 'पुष्पा २' (२०२४) तीन तास वीस मिनिटं, आणि तेवढ्यानं मन भरलं नाही म्हणून जानेवारी २०२५ मध्ये आणखी वीस मिनिटं जोडून परत थेटरात. वीस मिनिटं! त्यात अख्ख्या सिनेमाची गाणी बसली असती.

माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे, मोजदाद. स्पॉटिफाय हे गाण्यांचं ॲप तीस सेकंद ऐकलं की गाणं एकदा वाजलं असं धरतं. त्यापुढे ते दोन मिनिटांचं असो की सहा, नोंद एकच. मग सहा मिनिटांच्या भानगडीत कोण पडेल? थेटरचं उलटं. घरबसल्या सगळं मिळत असताना माणसाला बाहेर काढायचं तर काहीतरी अवाढव्य दाखवावं लागतं, आणि अवाढव्य वाटण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे लांबी. या चालीला किती वेळ हवा, या गोष्टीला किती वेळ हवा, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

तबकडी:
आणि पूर्वी विचारत होते वाटतं? मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. म्हणून तर कितीतरी जुन्या गाण्यांचा एखादा अंतरा सिनेमात आहे आणि रेकॉर्डवर नाही. गाणं रेडिओवर ऐकून तोंडपाठ केलेलं, आणि पडद्यावर अचानक अनोळखी कडवं! तो अंतरा काही कलात्मक विचार करून गाळलेला नव्हता. तबकडीवर जागा नव्हती. तेव्हा यंत्रानं अंतरा खाल्ला, आता ॲप खातंय. तुमच्या नावातला 'दुसरा अंतरा' सुद्धा कुणीतरी मिनिटं मोजूनच बसवलेला आहे.

लांबीचंही तेच. 'संगम' (१९६४) आणि 'मेरा नाम जोकर' (१९७०) या दोन्हींना दोन-दोन मध्यंतरं होती. 'लगान' (२००१) पावणेचार तासांच्या आसपास. 'गॉन विथ द विंड' १९३९ चा, जवळपास चार तासांचा. तेव्हा लोकांना घराबाहेर काढायला मोबाइलशी स्पर्धा होती का?

इअरफोन:
+१. शिवाय धागाकर्त्यांनी २०२५ सालचं सगळ्यात गाजलेलं हिंदी गाणं सोयीस्करपणे वगळलंय. 'सैयारा'चं शीर्षकगीत सहा मिनिटांहून मोठं आहे. सहा! आणि ते स्पॉटिफायच्या जागतिक यादीत पहिल्या दहांत गेलं. ज्या ॲपनं अंतरा खाल्ला म्हणता, त्याच ॲपवर.

बाहेरचं बघायचं तर टेलर स्विफ्टचं दहा मिनिटांचं 'ऑल टू वेल' २०२१ मध्ये बिलबोर्डच्या हॉट १०० वर, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, पहिलं आलं. त्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते सगळ्यात लांब गाणं. आणि २०१९ मध्ये एकोणीस आठवडे पहिलं राहिलेलं 'ओल्ड टाउन रोड' मुळात दोन मिनिटांचंही नव्हतं. म्हणजे लोक दोन्ही ऐकतात. गाणं चांगलं लागतं, इतकंच.

दुसरा अंतरा:
इअरफोन, 'सैयारा' मी वगळलं नाही, ठेवून दिलं होतं. तुम्हीच आणलंत ते बरं. रील्सवर त्या सहा मिनिटांतला कुठला तुकडा फिरला? मुखडा. बाकीची पाच मिनिटं किती जणांना येतात?

तबकडी, तुमचा मुद्दा वजनदार आहे, पण तो माझ्याच बाजूनं जातो. त्या सव्वातीन मिनिटांत संगीतकार आणि अरेंजर (वाद्यांची मांडणी करणारा) मिळून सुरुवातीचं संगीत, मुखडा, दोन अंतरे आणि प्रत्येक अंतऱ्याआधीचा वेगळा पीस बसवायचे. व्हायोलिनचा ताफा एकीकडे, मधेच बासरी, आणि तरी शब्द गुदमरायचे नाहीत. जागा कमी म्हणून कारागिरी वाढली. आज तेवढ्याच वेळात एक ओळ आठ वेळा येते. अडचण लांबीची नाही, आत काय भरता त्याची आहे.

आणि जुने सिनेमे लांब होते कारण त्यांत गाणी होती. 'हम आपके हैं कौन'मध्ये (१९९४) चौदा! आता गाणं पाठीमागे वाजतं, नायक स्लो मोशनमध्ये चालतो आणि लांबी आहे तेवढीच.

इअरफोन:
मुखडाच येतो म्हणे! जुन्या गाण्यांचे तरी तुम्हाला मुखड्याच्या पुढे किती शब्द येतात? भेंड्या खेळताना पहिल्या ओळीनंतर सगळे 'ला ला ला' करतात, ते रील्समुळे नव्हे.

शेवटची रांग:
गाण्यातलं मला कळत नाही, तुमचं चालू द्या. सिनेमाचं गणित मात्र धागाकर्त्यांनी साफ उलटं मांडलंय. सिनेमा लांबला की एका पडद्यावरचा दिवसाचा एक खेळ कमी होतो. अडीच तासांचा असेल तर पाच खेळ सहज लागतात, साडेतीन तासांना चारच्या वर ओढाताण. म्हणजे निव्वळ मोजदाद बघणाऱ्या माणसानं सिनेमा दोन तासांतच संपवला असता. लांबी ही धंद्याच्या सोयीची नाही, गैरसोयीची गोष्ट आहे.

मग लांबतात का? मला वाटतं, आधीचा सिनेमा तुफान चालला की दिग्दर्शकाला 'हे काढ' म्हणणारा कुणी उरत नाही. संकलकाचं ऐकायचं की नाही हे मागच्या गल्ल्यावर ठरतं. दुसरं म्हणजे आठ-दहा भागांच्या मालिका बघून लेखकांचीही सवय बदलली. प्रत्येक दुय्यम पात्राला भूतकाळ हवा, आणि त्या भूतकाळालाही एक भूतकाळ. पूर्वी खलनायक दारातून आत आला की कळायचं. आता तो सात वर्षांचा असताना काय झालं ते आधी बघा.

मला स्वतःला लांबीचं वावडं नाही, पण ती लांबी सांभाळायची तयारी हवी. 'द ब्रुटलिस्ट'मध्ये (२०२४) पंधरा मिनिटांचं मध्यंतर सिनेमातच बांधलेलं आहे, पडद्यावर घड्याळ उलटं मोजत जातं. दिग्दर्शकाला ठाऊक आहे की समोर माणूस बसलाय आणि माणसाला पाय मोकळे करावे लागतात.

मिक्सर:
ध्वनिमुद्रणाचं काम करतो म्हणून दोन दुरुस्त्या. एक, प्रत्येक वेळी गाणं वाजलं की ठरलेली रक्कम मिळते असा समज दिसतो. तसं नसतं. एकूण उत्पन्नातला वाटा एकूण वाजण्याच्या प्रमाणात मिळतो, आणि २०२४ पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत किमान हजार वेळा वाजल्याशिवाय त्या गाण्याला काहीच नाही. त्यामुळे नवख्या माणसाला 'पुढचं गाणं'चं बटण हा खरा शत्रू वाटतो. सुरुवातीचा पीस जातो तो त्या धाकानं. स्टुडिओत पहिला प्रश्न 'हुक (कानात अडकणारा तुकडा) कितव्या सेकंदाला येतो?' हाच असतो. चाल कशी झाली ते नंतर.

दोन, आवाजाबद्दल कुणीच बोलत नाही. लांबीपेक्षा मला तो जास्त खुपतो. 'टेनेट'चे (२०२०) संवाद ऐकू येत नाहीत ही तक्रार जगभर झाली. पण निदान तो दिग्दर्शकाचा हट्ट होता. बाकी ठिकाणी नुसतीच स्पर्धा असते. पहिल्या प्रसंगापासून पार्श्वसंगीत टिपेला, मग शेवटच्या मारामारीला चढायला जागाच नाही. अशा तीन तासांनंतर डोकं दुखतं आणि लोक म्हणतात, सिनेमा लांब होता.

कोरस:
कुणीच 'केपॉप डीमन हंटर्स' (२०२५) बघितला नाही का? दीड तासाहून थोडाच मोठा ॲनिमेशन सिनेमा. गाणी काढली तर गोष्टच उरत नाही, कारण नायिकेचं गुपित गाण्यातूनच पुढे सरकतं. आणि त्यातली चार गाणी एकाच वेळी बिलबोर्डच्या पहिल्या दहांत! 'गोल्डन' सव्वातीन मिनिटांचं आहे, तबकडीदादांच्या रेकॉर्डवर आरामात मावलं असतं. सिनेमा छोटा, गाणी पूर्ण. दुसरा अंतरा, तुम्हाला हवं तेच तर झालंय, फक्त तुम्ही ज्या रांगेत बघताय तिथे नाही.

दुसरा अंतरा:
बघितला, आणि आवडला. पण तो घरी बघायचा सिनेमा म्हणून आला. थेटरात गर्दी खेचण्याचं ओझं त्याच्यावर नव्हतं, म्हणून तो आटोपशीर राहू शकला. माझा मुद्दा इथे उलट पक्का होतो.

शेवटची रांग, खेळ कमी होतात हे मान्य. तरीही निर्माते ते नुकसान पत्करतात, कारण 'तीन तासांचा महासिनेमा' असा गाजावाजा झाला की मोठे पडदे आणि महागडी तिकिटं मिळतात. दिग्दर्शकाला कुणी अडवत नाही याचंही कारण तेच. बरं, एक साधी परीक्षा. गेल्या चार-पाच वर्षांतला असा एक तीन तासांचा सिनेमा सांगा, ज्यातली वीस मिनिटं काढली तर काहीतरी तुटेल.

शेवटची रांग:
'ओपनहायमर' (२०२३). संकलनाचं ऑस्कर जेनिफर लेम यांना उगाच नाही मिळालं.

इअरफोन:
अहो, वीस कसली, पुढचा अख्खा एक तास काढा! अणुबाँबचा स्फोट झाला तिथे सिनेमा संपला. पुढे नुसत्या चौकश्या.

शेवटची रांग:
चौकश्या हाच तर सिनेमा आहे. स्फोट त्याचं मध्यंतर होतं.

तबकडी:
आता यावर वेगळा धागा काढा, मी येतो. मीही इअरफोनच्या बाजूनं.