घर बंद असताना मत्स्यटाकीवर दुरून लक्ष कसे ठेवावे?

प्रश्न – शेवाळप्रेमी

नमस्कार. आमच्या पुण्यातील घरी सुमारे 200 लिटरची, जिवंत वनस्पती लावलेली टाकी आहे. तीत निऑन टेट्रा, कोरीडोरस आणि एंजलची एक जोडी असे मासे आहेत. गणपतीला आम्ही सर्वजण राजापूर तालुक्यातील गावी जातो व त्या काळात घर बंद असते. खाण्याची चिंता नाही. वीज जाणे, हीटर चालूच राहणे आणि कॅनिस्टर फिल्टरची (टाकीबाहेरच्या, नळ्यांनी जोडलेल्या बंद डब्यातील फिल्टरची) नळी निसटणे या तीन गोष्टींची आहे. तापमान, पीएच (पाण्याची आम्लता) आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) मोबाईलवर दाखवणारी उपकरणे बाजारात मिळतात; त्यांतले खरोखर उपयोगाचे काय? गावच्या घरी रेंज फक्त अंगणाच्या एका कोपऱ्यात येते, हेही लक्षात घ्यावे.

उत्तर – संथवाहिनी

पीएच दाखवणारे उपकरण या कामासाठी घेऊ नये. त्याचा काचेचा प्रोब अधूनमधून 4 आणि 7 पीएचच्या द्रावणात तपासून जुळवावा लागतो, आणि तो भरकटला की रात्री-अपरात्री खोटी सूचना येते. टीडीएसचा आकडा विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. माशांना घातक असा अमोनिया वाढला आहे का, हे त्यावरून कळत नाही. तापमान मात्र अवश्य मोजावे. डीएस18बी20 हा जलरोधक सेन्सर स्वस्त असून त्याची अचूकता अर्ध्या अंशापर्यंत असते, आणि घरच्या टाकीला तेवढी पुरते.

हीटरच्या बाबतीत सूचनेपेक्षा प्रतिबंध महत्त्वाचा आहे. हीटरमधील थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू चिकटले की तो बंदच होत नाही, म्हणून हीटर थेट सॉकेटला न जोडता एसटीसी-1000 सारख्या वेगळ्या नियंत्रकामार्फत जोडावा आणि त्याची मर्यादा हीटरवर लावलेल्या तापमानापेक्षा दोन अंश वर ठेवावी. पाणी तापले की त्यात मावणारा ऑक्सिजनही घटतो: 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साधारण 7.5. (एंजल मोठे झाले की निऑन गट्ट करतात, पण तो विषय वेगळा.)

उत्तर – तारजोडणी

वरील मताशी सहमत आहे, परंतु मूळ अडचण वेगळीच आहे. वीज जाते तेव्हा वाय-फायचा राउटरही बंद पडतो, म्हणजे ज्या प्रसंगासाठी यंत्रणा बसवली, नेमक्या त्याच प्रसंगी ती मुकी होते. त्यामुळे संकट आल्यावर संदेश पाठवणारी यंत्रणा नको, तर दर पाच मिनिटांनी हजेरी लावणारी हवी. सलग तीन हजेऱ्या चुकल्या की घराबाहेरच्या सर्व्हरनेच ओरड करावी. ईएसपी32 या वाय-फाय असलेल्या छोट्या नियंत्रक चिपवर हे सहज करता येते. राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस जोडल्यास मदत होते, मात्र इमारतीतील इंटरनेटच्या पेटीची वीज गेली तर त्याचाही उपयोग नाही.

सिमकार्ड घालून एसएमएस पाठवणारे सिम800एल हा दुसरा पर्याय. ते केवळ 2जी वर चालते, त्यामुळे जिओचे कार्ड त्यात चालणार नाही. शिवाय संदेश पाठवताना ते क्षणभर 2 अँपिअरपर्यंत प्रवाह खेचते, तेव्हा मोबाईलच्या साध्या चार्जरवर विसंबू नये.

उत्तर – काठावरचा

गळतीसाठी जमिनीवर ठेवायचा सेन्सर टाकीखाली मध्यभागी न ठेवता, फरशीचा उतार ज्या कोपऱ्याकडे असेल तिथे ठेवावा. फिल्टरमधून पाणी परत आणणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली बारीक छिद्र पाडले, तर ती बाजू निसटल्यावर पातळी छिद्राशी येताच हवा शिरून सायफन (नळीतून आपोआप चाललेला पाण्याचा ओघ) तुटतो. पाणी ओढणाऱ्या नळीला मात्र तसे छिद्र पाडता येत नाही. तिथे टाकी नळीच्या तोंडाशी असलेल्या जाळीच्या उंचीपर्यंत रिकामी होऊ शकते, म्हणून तिचे क्लॅम्प निघण्यापूर्वी हाताने ओढून पाहावेत. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता खालीच ठिबकते.

प्रश्नकर्ता – शेवाळप्रेमी

सर्वांचे आभार. किल्ली खालच्या मजल्यावरील काकूंकडे असते. सूचना आमच्याऐवजी थेट त्यांच्या मोबाईलवर पाठवली, तर त्यांना नेमके काय करायला सांगावे?

उत्तर – संथवाहिनी

सूचना त्यांनाच जाऊ द्या. अंगणातल्या कोपऱ्याच्या भरवशावर राहू नका. बॅटरीवर चालणारा हवापंप चार्ज करून टाकीशेजारी ठेवा आणि वीज गेल्यावर तो सुरू करण्याएवढेच काम त्यांच्याकडे सोपवा. काही तास बंद राहिलेल्या कॅनिस्टरमधील पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो व फिल्टर सुरू होताच ते कुजके पाणी थेट टाकीत येते; म्हणून वीज बराच वेळ गेली असेल तर त्यांनी कॅनिस्टरचा प्लग काढून ठेवावा. परत आल्यावर तुम्ही त्यातले पाणी ओतून द्या, स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याऐवजी टाकीच्याच पाण्यात खळबळा आणि मग फिल्टर सुरू करा. वनस्पतींना दिवसा दिल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असल्यास तो निघतानाच बंद करून जा. साधा टायमर वीज गेल्यावर मागे पडतो आणि मग वायू भररात्री सुरू राहतो.