घासावर तांबडी पूड, कोणता तांबेरा? (मदत हवी आहे, वडोदरा)

वाघोडियाकर: घासाच्या पानांवर तांबूस ठिपके, तीन दिवसांत अर्धा वाफा गेला. कोणता तांबेरा आणि कोणतं औषध? आजच सांगा.

सूक्ष्मदर्शी: घास म्हणजे रजको (लसूणघास) की बरसीम, तो दुसरा चारा? ठिपके पानाच्या वर की खाली? घासल्यावर बोटाला पूड लागते का?

गोठा_पादरा: औषध कशाला? कापा आणि घाला गुरांना. पानं गळाली की उरतात नुसत्या काड्या.

वाघोडियाकर: रजको, आणंद-२ वाण. फोड जास्त करून खालून. बोट विटकरी होतं.

सूक्ष्मदर्शी: मग तांबेराच. पानठिपका या दुसऱ्या रोगात पूड नसते. २-३ मिमी तपकिरी डागाच्या मधोमध वरून बारीक चकती दिसते. केवडा रोगात पानाखाली करडी-जांभळी लव येते. रजकोवरचा तांबेरा म्हणजे यूरोमायसिस स्ट्रायटस ही बुरशी. पक्कं करायला जुन्या, खालच्या पानांवरचे काळपट फोड शोधा. त्यातले बीजाणू एकाच कप्प्याचे आणि अंगावर उभ्या रेघांत खरबरीत उठाव असलेले हवेत. दोन कप्पे दिसले तर तो पुक्सिनिया, तांबेऱ्याची दुसरी बुरशी, वेगळं प्रकरण.

दुधीशत्रू: बांधावरची दुधी (भोपळा नव्हे, पांढऱ्या चिकाचं तण, युफोर्बिया) आधी उपटा! हा रोग तिच्यावरूनच येतो.

सूक्ष्मदर्शी: नाही हो. दुधीच्या कुळातली झाडं याचं दुसरं घर आहेत खरी, युरोपात ते दिसतंही. पण विटकरी पूड रजकोवरून थेट रजकोवर पसरते. मजुरी तिथे घालवू नका.

गोठा_पादरा: बियाण्यातली कासनी (चिकोरी, तण) काढायला मिठाचं पाणी वापरता का? ती वर तरंगते.

सूक्ष्मदर्शी: दादा, तो बरसीमचा विषय. इथे तांबेरा चाललाय.

वाघोडियाकर: काळे फोड नाहीत, सगळे विटकरीच. म्हणून ४० च्या भिंगाखाली विटकरी पुडीतल्या बीजाणूंवरची छिद्रं मोजली: कुठे तीन, कुठे चार, काहींत दिसतच नाहीत.

सूक्ष्मदर्शी: पाण्यात पाहिलंत ना? लॅक्टिक आम्लाच्या थेंबात घ्या, काच दिव्यावर कोमट करा. उकळलं तर बुडबुडे येतात. मग कव्हरस्लिप सुईने हलकी दाबून सरकवा, बीजाणू लोळतो आणि दडलेलं छिद्र समोर येतं. तीन-चार छिद्रं बीजाणूच्या मधल्या पट्ट्यात असतील तर यूरोमायसिस स्ट्रायटसशी जुळतं.

आणि कापणी आजच करा, दव सुकल्यावर. फवारा मारायचाच तर लेबलवर चारापीक आहे का आणि किती दिवस खायला घालायचं नाही, ते आधी वाचा. दूध घरातच जातं ना?