काळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचीत, किती रात्री धरायच्या?

मंगळवेढा_काळीआई
दोन एकर काळं रान, जिरायत. सप्टेंबरअखेर मालदांडी ज्वारी पेरायची. ३०० मेंढरांची खांड (कळप) मिळतेय. मेंढका म्हणतो पाच रात्रीत दोन्ही एकर होतील. दर रात्रीवर ठरवू की एकरावर? आणि मग युरिया अजिबात टाकायचा नाही का?

सांगोला_रान
पाच रात्रीत दोन एकर होत नाहीत. दाटीनं बसलेल्या मोठ्या मेंढराला साधारण एक चौरस मीटर जागा लागते. म्हणजे ३०० मेंढरं एका रात्री तीन गुंठे धरतात. दोन एकर म्हणजे ८० गुंठे, २६-२७ रात्री झाल्या. पाचच रात्री परवडत असतील तर १५ गुंठे नीट खतवा. चढाचा, पांढरट पडलेला तुकडा आधी घ्या. सखल भागात गाळ वाहून येतोच.

दर रात्रीवरच ठरवा. एकरावर ठरला की वाघर (रात्री मेंढरं कोंडायची जाळी) लांब पसरते आणि लेंड्या विरळ पडतात. मात्र रात्रीच्या दरात वाघर जागची हलत नाही, कारण रोज खुंट्या उपटून ठोकायचं काम कुणालाच नको असतं. म्हणून बोलीतच घाला: वाघर रोज हलली पाहिजे, मोजणी मोठ्या जनावरांची, कोकरं धरायची नाहीत. शिधा द्यायचा की रोख, तेही चार माणसांसमोर पहिल्याच दिवशी.

कुळवकरी
वरच्या हिशोबात एक राहिलं, मूत. लेंडी आठवडाभर पडून राहिली तरी फार बिघडत नाही, पण मुतातलं नत्र उन्हात उडून जातं. सकाळी वाघरीच्या जागी डोळ्याला झोंबणारा वास येतो ना, तो तुमच्या पैशाचाच वास. वाघर हलली की दोन दिवसांत दोन-तीन इंच कुळव फिरवा. नांगर घालू नका, सगळं खोल गाडलं जातं.

पाऊस लागला आणि रान चिकट झालं तर खांड मुरमाड तुकड्यावर न्या. चिखलात खुरांनी रान मळलं जातं, वाळल्यावर फोडून फुटणार नाहीत अशी ढेकळं होतात, आणि मेंढरांचे खूरही सडतात. अशा दिवशी मेंढका स्वतःच नको म्हणेल, त्याच्याशी वाद घालू नका.

आणि आधीचे तीन-चार दिवस खांड कुठं चरली ते विचारा. वेड्या बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या असतील तर बी लेंडीतून जिवंत बाहेर पडतं. पहिल्या ओलीला दोन पानांवर दिसेल, तेव्हाच कुळवानं काढा. पेरणीपर्यंत ठेवलं तर मूळ खाली जातं, मग कुदळच लागते.

माणकाठ
युरिया: जिथं दाट बसवलीत तिथं निम्मा, बाकी रानात नेहमीचा. खतवलेल्या पट्ट्यात पूर्ण मात्रा टाकलीत तर ज्वारी आधी माजते, ओल लवकर संपवते आणि पोटरीत (कणीस अजून पानात) असताना होरपळते. जिरायतीत हा धोका जास्त.

पाण्याची सोय तुमच्याकडं असेल तर आधी मोजा. उघडीप पडून ऊन तापलं तर एका मेंढराला दिवसाला चार-पाच लिटर लागतं, म्हणजे खांडीला १२००-१५०० लिटर. खोपीत युरियाचं फुटलेलं पोतं असेल तर उचला. मेंढरं चाटतात आणि तासाभरात पोट फुगून मरू शकतात.

मंगळवेढा_काळीआई
हिशोब कळला, १५ गुंठेच करतो. बांधापलीकडं कडवळाच्या (चाऱ्याच्या ज्वारीच्या) खोडव्याला फुटवा आलाय, गुडघ्याएवढा. दिवसा तिथं चरू दिली तर दर कमी होईल का?

माणकाठ
तिथं अजिबात सोडू नका. पावसाची ओढ बसलेल्या कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यात विष असतं, किराळ लागते. जनावर धापा टाकतं, थरथरतं, आडवं पडतं. डॉक्टर सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन घेऊन वेळेत पोचला तरच वाचतं. पीक फुलोऱ्यावर आलं की धोका उतरतो. मेंढक्याला हे माहीत असतंच, पण फुटवा कुठं आहे ते आधी दाखवून ठेवा. रात्री वाघरीतून निसटलेलं मेंढरू तिकडंच जातं.