बाहेरचा बेंड पाईप चार महिन्यात तडकला

संत्रावाला, वरुड:
राजेहो, दिवाळीत गाडीले बाहेरचा, म्हंजे कंपनीचा नाही असा, बेंड पाईप (इंजिनातून सायलेन्सरले धूर नेणारा वाकडा पाईप) लावला. देतानी '३०४ स्टील' म्हणे, म्हंजे चांगलं स्टेनलेस. होळी आली नाही तं फ्लँजजवळच्या (पाईप इंजिनले बोल्टनं बसते त्या चकतीजवळच्या) वेल्डिंगले केसाएवढी चीर. सकाळी सुरू केली का फट्‌फट्‌, तापली का आवाज गायब. वेल्डिंग मारून आणलं, तं बाजूले तडकलं. लोहचुंबक लावलं, चिटकत नाही. मंग माल खोटा कसा?

फिटर, मोर्शी:
भाऊ, चुंबक २०२ लेही, म्हंजे स्वस्त स्टेनलेसलेही चिटकत नाही. त्यात निकेल कमी, जंग लवकर. पण तुमचं दुखणं वेगळं दिसते. असं स्टील तापल्यावर साध्या लोखंडाच्या जवळपास दीडपट फुगते. फुगाले जागा नसली का वेल्डिंगच तुटते. सायलेन्सरचा बोल्ट काढा. पाईप आपोआप सरकला तं समजा, ताणून बसवला होता.

ट्रॅक्टरवाला, दर्यापूर:
जुना कंपनीचा पाईप भंगारात देला का?

संत्रावाला, वरुड:
बोल्ट काढला. बोटभर सरकला ना बावा! अन् जुना कोठ्यात आहे, त्याच्यावर कोंबडी बसते. तिले उठवतो आता.

फिटर, मोर्शी:
जुना पाईप बसवतानी गॅस्केट (जोडातून धूर निघू नये म्हणून बसवते ती चकती) नवं टाकजा. जुनं दाबलेलं परत बसत नाही.