प्रतिसाद: जुळणी झूमने नाही, पायांनी

फोटोत पुढची वस्तू आणि मागचं दृश्य यांची जुळणी कशी करायची, या चर्चेतलं 'जमलं नाही तर झूम करून जुळवून घ्यायचं' हे वरचं मत पटलं नाही. झूमने चौकट लहान-मोठी होते. कशामागे काय येणार हे फक्त उभं राहायच्या जागेवर ठरतं. नागपूरच्या झिरो माइल या घोड्यांचे पुतळे असलेल्या स्मारकाचंच घ्या. घोडा 5 मीटरवर आणि मागची इमारत 100 मीटरवर असेल, तर अर्धा मीटर बाजूला सरकलं की घोड्याच्या कानामागची जागा साडेनऊ मीटरने बदलते. म्हणून शेवटची जुळणी पाऊल टाकून नाही, नुसतं अंग झुकवून करायची. घोड्याची पाठ मागच्या छपराला चिकटत असेल तर थोडं खाली बसा.

इथे कोणी लिहिलं नाही ते म्हणजे एक डोळा मिटणं. दोन डोळ्यांना खोली कळते, त्यामुळे दिव्याचा खांब माणसाच्या डोक्यातून उगवलाय हे चालताना लक्षातच येत नाही. एका डोळ्याने सगळं सपाट होतं, कॅमेऱ्याला दिसतं तसं.

फुल-फ्रेम (35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 28 मिमीची रुंद लेन्स आणि एफ/11 (लेन्सचं छिद्र लहान) ठेवून फोकस अडीच मीटरवर लावला की साधारण सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. वाटसरू चौकटीत हवा असेल तर शटर 1/250 सेकंद, म्हणजे तो पुसट येणार नाही. मोबाइलवाल्यांनी मात्र 2एक्स (दुप्पट झूम) दाबताना जपावं: काही फोनमध्ये तिथे दुसरी लेन्स सुरू होते, ती सेंटिमीटरभर बाजूला असते, आणि हातभर अंतरावरची वस्तू असेल तर जुळलेलं गणित फिसकटतं. आधी लेन्स ठरवा, मग सरका.

सावल्यांची जुळणी हवी असेल तर मेअखेरची दुपार सोडाच. 26 मेच्या आसपास बारा-दहाला नागपुरात खांबाची सावली खांबाच्याच पायाशी असते.