वस्तऱ्याला धार लावायची आहे, सुरुवात कुठून करू?

कार्बन स्टीलचा जुना वस्तरा आहे. केस कापण्याऐवजी ओढतो. १००० (जाडसर) आणि ६००० (बारीक) ग्रिटचे दगड आहेत. पुरतील का?

दादरकर: आधी दगड सपाट आहे का बघा. नसेल तर काचेवर वॉटरपेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर) ठेवून त्यावर दगड घासा. पातं आडवं टेकवा. पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागलेली हवीत, म्हणजे कोन आपोआप जमतो. धार पुढे ठेवून ढकला, वजन फक्त हाताचं. धारेवर काळा मार्कर फिरवा. कडेला शाई उरली तर दगड तिथे पोचत नाहीये. १००० वर पात्याच्या टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे हातावरचे केस कापले जाईपर्यंत पुढे जाऊ नका. बहुतेकांचं इथेच बिनसतं, आणि दोष बिचाऱ्या बारीक दगडाला.

गिरगाव_वस्तरा: ६००० नंतर ८००० किंवा १२००० घ्या, नाहीतर गाल चुरचुरतील. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ४०-५० फेऱ्या, इथे मात्र पाठ पुढे. पातं पाठीवरूनच उलटवा. धारेवरून उलटवलंत की धारही जाईल, पट्टाही.

दादरकर: मुंबईच्या पावसाळ्यात पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. बाथरूममध्ये ठेवू नका.