मदत हवी आहे: रीडेव्हलपमेंटचा सॉइल रिपोर्ट, दोन बोअर पुरे का?

बी२०४: मंडळी अर्जंट आहे, रविवारी जनरल बॉडी आहे. बिल्डरने सॉइल रिपोर्ट दिलाय, चाळीसेक पानं, शेवटी लिहिलंय की जागा बांधकामाला योग्य. दोन बोअर मारलेत, म्हणजे जमिनीत खोल भोकं पाडून माती बघितली. कमिटी म्हणते रिपोर्ट आला ना, मग आता सही करून मोकळे होऊ. भूकंपाचं विचारलं तर बिल्डरचा माणूस हसला, म्हणे मुंबईत कुठला भूकंप. मला एवढंच सांगा, दोन बोअर पुरेत का? हो किंवा नाही.

कोकणकन्या७१: माती परीक्षणासाठी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, १५-२० सेंमी खोल, कडेची माती खरवडायची, आठ-दहा ठिकाणची एकत्र करून अर्धा किलो पिशवीत भरून द्यायची. खत घातल्यावर लगेच घेऊ नका. आमच्या कलमांना फार फरक पडला.

बी२०४: ताई बिल्डिंग आहे हो, आंबे नाहीत.

मुरूमवाला: प्लॉट केवढा? किती माळे? बेसमेंट आहे का? बोअर किती खोल? जागा कुठे? हे न सांगता हो-नाही कसं सांगू.

बी२०४: मुंबईत आहे. बाकी नॉर्मल.

मुरूमवाला: मुंबईत मलबार हिलला कातळ हाताला लागतो आणि बीकेसीत गाळ. नॉर्मल म्हणजे काय?

पार्लेकर काका: भूकंपाच्या धोक्याच्या २०१६ च्या नकाशात मुंबई झोन ३ मध्ये होती, म्हणजे मध्यम धोका, त्या हसणाऱ्याला सांगा. ६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेला झाला तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत होतो, फळीवरचे डबे खाली आले, अख्खी चाळ गॅलरीत. आणि किल्लारी तर तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होतं. ९३ ला विसर्जनाच्या रात्री लोक दमून झोपले आणि पहाटे चारच्या सुमाराला दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या.

स्टिल्टविरोधी: माती सोडा, खाली स्टिल्ट पार्किंग आहे का ते बघा. २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवर अहमदाबादेत इमारती बसल्या त्या का? खाली नुसते खांब, वर भिंतींचं ओझं. माती काय करणार.

मुरूमवाला: माती काय करणार?? साबरमतीचा जाड गाळ आहे तिथे, मऊ जमिनीत हादरा वाढतो. खांब कमकुवत हे बरोबरच आहे, पण एकच कारण धरून बसू नका.

स्टिल्टविरोधी: मी आयएस १३९२०, भूकंपासाठी सळ्या कशा बांधायच्या त्याचं मानक, कोळून प्यायलोय, मला शिकवू नका.

मुरूमवाला: प्या. बी२०४, बोअर लॉगचं पान टाका, किती खोलीवर काय लागलं ते.

बी२०४: फोटो चढत नाहीये, टाईप करतो. प्लॉट हजारेक चौरस मीटर, जुनी जी प्लस थ्री, नवी स्टिल्ट प्लस १४, बेसमेंट नाही. बीएच-१ (पहिला बोअर): ३.५ मी. भराव, मग ८ पर्यंत काळी चिकणमाती, एन व्हॅल्यू २ आणि ३, मग मुरूम, ९ ला खडक, १०.५ ला बोअर बंद. बीएच-२: ४.६ ला रिफ्युजल (म्हणजे पुढे जाईना), हार्ड रॉक. पाणी २ मीटरवर. एन व्हॅल्यू म्हणजे काय?

मुरूमवाला: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून टाकतात, नळी ४५ सेंमी आत घालवायची, पहिले १५ सोडून पुढच्या ३० ला किती ठोके लागले ती एन व्हॅल्यू. २-३ म्हणजे जवळपास हातोड्याच्या वजनानेच खाली गेली. खाडीजवळ आहात ना?

बी२०४: हो, मागे गोराई खाडी. ते वर लिहिलं नव्हतं का?

पार्लेकर काका: नाही हो.

राफ्ट_राजा: राफ्ट टाका, खाली एकच जाड काँक्रीटची लादी, सगळी बिल्डिंग एका बोटीवर. आमची तशीच आहे, पावसाळ्यात ढिम्म हलत नाही.

मुरूमवाला: राजे, साडेचार मीटर चिखलावर चौदा माळ्यांची राफ्ट तिरकी बसेल. इथे पाईलच, म्हणजे जमिनीत खोल काँक्रीटचे खांब, खडकात रुतवून. पण आधी खडक कुठे ते कळायला हवं. बी२०४, एक काम करा, बोअरवाल्यांनी लाकडी पेट्या ठेवल्या असतील, खडकाचे गोल तुकडे ओळीने लावलेले. फुटपट्टी घेऊन १० सेंमीपेक्षा लांब तुकडे किती ते मोजा, त्यांची एकूण लांबी भागिले पूर्ण रन (एका दमात कापलेली लांबी) म्हणजे आरक्यूडी, जितकी कमी तितका खडक तुटका. बोअर मारताना मशीनच्या धक्क्याने मोडलेले ताजे तुकडे जोडून मोजायचे.

लिक्विफॅक्शन_भीती: पाणी २ मीटरवर!! जमीन पातळ होऊन बिल्डिंग बुडेल, जपानचा निगाता भूकंप १९६४ गूगल करा.

मुरूमवाला: ती भीती पाण्याने भिजलेल्या सुट्या वाळूची. ही चिकणमाती. हिचा त्रास वेगळा, हादऱ्यात ती पाईलला बाजूने धरत नाही, वाकण्याचा जोर पाईलवर येतो, तो डिझाईनमध्ये धरायला हवा.

७९अ_वाले: कॉर्पस, बिल्डर देणार तो निधी, किती ठरलाय? कार्पेट किती वाढतंय? सॉइल बघत बसलात तर भाड्याचे चेक राहतील.

बी२०४: कार्पेटचं नंतर. खाली जाऊन आलो. मुलाची कंपासपेटीतली पट्टी नेली. पेटी जिन्याखाली होती, वॉचमनने वर कुंड्या ठेवल्यात. तुकडे करडे, बोटाएवढे, काही चुरा. सगळ्यात मोठा ७ सेंमी. रिपोर्टमध्ये आरक्यूडी शून्यच लिहिलंय, आत्ता वाचलं. पण पेटी एकच आहे, बीएच-१ ची. दुसरी वॉचमन म्हणतो नव्हतीच.

मुरूमवाला: वाटलंच. म्हणजे बीएच-२ ला कोअर (तेच खडकाचे गोल तुकडे) काढलाच नाही, हातोडा उडाला म्हणून हार्ड रॉक लिहिलं. ४.६ वर. भराव ३.५ पर्यंत. भरावात डंपरने टाकलेले काळ्या दगडाचे बोल्डर असतात, चिखलात खाली बसलेलेही असतात. खडकही असेल, पण कोअरशिवाय सांगता येत नाही. शेजारच्याच बोअरला ९ वर आणि तोही कुजका. दोन्ही बोअर कुठे मारले?

बी२०४: दोन्ही गेटकडे. मागे मशीन जात नाही म्हणाले.

मुरूमवाला: बरोबर, बिल्डिंग उभी असताना जात नाही. म्हणून बिल्डिंग पाडल्यावर कन्फर्मेटरी, म्हणजे खात्री करायचे, बोअर. आयएस १८९२, जमीन तपासणीचं मानक, त्याच्या १९७९ च्या आवृत्तीत एकराएवढ्या जागेला चार कोपरे आणि एक मध्यभागी असं होतं, अगदी छोट्या कामाला मध्ये एकही चालायचा. पण ते सरळ जमिनीला. खडक असा वरखाली असेल तर एवढ्या प्लॉटलाही पाच घ्या, आणि खाडीकडे एक नक्की. कोअर घेऊन कुजका थर पार करा, चांगल्या खडकात तीनेक मीटर. पाण्यात क्लोराइड, सल्फेट तपासा, खाडी आहे. हे करारात लिहून घ्या, खर्च बिल्डरचा.

स्टिल्टविरोधी: आणि स्टिल्टचे खांब.

मुरूमवाला: आणि स्टिल्टचे खांब. मान्य.

बी२०४: सेक्रेटरींना फोन केला, म्हणाले आधी पीएमसीला, सोसायटीच्या प्रोजेक्ट सल्लागाराला, विचारू. पीएमसी फोन उचलत नाही. पेटीचा फोटो काढून ठेवलाय, पट्टीसकट, कुंड्या बाजूला करून.

कोकणकन्या७१: कुंड्यांतली माती कुठून आणली त्यांनी?